परतीची नळी

दार लागल्याच्या आवाजावरूनच दिगंबर शिंत्रेला कळलं, की ही गाडी साधी नाही. चंडीगडलगतच्या मनीमाजऱ्याच्या रेल्वे फाटकाकडून वळून आलेली पांढरी अॅम्बॅसडर वर्कशॉपसमोर थांबली, ड्रायव्हर उतरला, आणि त्याने दार ढकललं तसा तिजोरी बंद व्हावी असा घुमा आवाज झाला. दिगंबर हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. त्या दारात किती पोलाद भरलंय याचा त्याने मनात हिशेब केला आणि बॉनेटखालच्या इंजिनाची त्याला दया आली.

१९९१चा फेब्रुवारी चालू होता. पंजाबात रोज कुठे ना कुठे माणसं पडत होती. मनीमाजऱ्यात उन्हं कलली की शटरं खाली यायची, आणि अनोळखी स्कूटर गल्लीत शिरली की बोलणारी माणसं बोलायची थांबायची.

दिगंबर मूळचा मिरजेचा. पंचवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपांत काढली, शेवटचं पोस्टिंग चंडीमंदिरला. सुभेदार म्हणून निवृत्त झाला तेव्हा मुलगी चित्रा नववीत होती. तिचं शिक्षण होईपर्यंत राहू म्हणून मनीमाजऱ्यात दोन खोल्या घेतल्या, त्याला आता पाच वर्षं झाली होती. त्याच वर्कशॉपातून दोन वर्षं आधी निवृत्त झालेल्या उजागर सिंगने स्वतःचं गॅरेज काढलं होतं. ‘‘चल मराठ्या, म्हातारपणही ग्रीसमध्येच घालवू,’’ असं म्हणून त्याने दिगंबरला ओढून आणलं होतं. दोघांची ओळख वीस वर्षांची.

‘‘जज साहेबांची गाडी आहे,’’ ड्रायव्हर म्हणाला. त्याचं नाव नरेश, हिमाचलातल्या बिलासपूरकडचा पहाडी गडी. ‘‘सेखोंसाहेबांची. पोलाद बसवल्यापासून चालतच नाही. परवा खरडजवळ ऊस भरलेल्या ट्रॉलीने मागे टाकलं आम्हाला.’’

मागच्या दारातून स्वतः जज साहेब उतरले. साठीला टेकलेले, बारीक अंगाचे, पांढरी पगडी, वर करड्या लोकरीचा स्वेटर. महिन्यातून तीन सोमवार ते रोपडला अतिरेक्यांवरचे खास खटले चालवायला जात. बरोबर एक बंदूकवाला आणि मागे एक जीप. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हिंदीत हळू आवाजात म्हणाले, ‘‘सुभेदार साहेब, हे पोलाद पहिल्या गोळीसाठी आहे. दुसऱ्या गोळीच्या वेळी गाडी तिथे नसली पाहिजे. एवढं करता येईल?’’

दिगंबरने होय म्हटलं. त्या माणसाच्या बोलण्यात भीती नव्हती, तक्रारही नव्हती. म्हणून असेल, पण तो पटकन होय म्हणून गेला.

उपाय एकच होता. डिझेल इंजिनाला टर्बो बसवायचा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा तो पंखा हवा कोंबून इंजिनात भरतो, आणि तेवढ्याच इंजिनातून दीडपट ताकद निघते. कबाड्याकडे एका जपानी ट्रकचा छोटा टर्बो मिळाला. उजागर सिंग तो हातात घेऊन लहान मुलासारखा फिरवत बसला.

अडचण होती ती तेलाची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. त्याला सतत तेल लागतं. दिगंबर फौजेत नव्या पोरांना शिकवताना म्हणायचा, ‘‘तेल आत ढकलायला पंप आहे. बाहेर यायला फक्त उतार आहे.’’ आत जाणारी नळी पेन्सिलीएवढी असली तरी चालते. परतीची नळी मात्र अंगठ्याएवढी जाड, सरळ खाली जाणारी, कुठेही पोट न सुटलेली, आणि खालच्या ऑइल चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वरच उघडणारी हवी. तेल टर्बोतून फेसाळून बाहेर पडतं. त्याला वाट मिळाली नाही तर ते तुंबतं, सील ओलांडून धुराच्या वाटेत शिरतं आणि जळायला लागतं. मग निळा धूर सुटतो, आणि टर्बो मरतो.

अॅम्बॅसडरच्या पोटात जागा थोडी. टर्बो खाली टांगावा लागत होता, आणि जेवढा खाली टांगावा तेवढा नळीचा उतार कमी. दिगंबरने चेंबर उतरवला, धुतला, तेलाची रेघ कुठवर येते ते खडूने आखलं आणि त्या रेघेच्या वर तोंड वेल्ड करायला घेतलं. दोन दिवस त्याला जेवणाचंही भान नव्हतं. बऱ्याच वर्षांनी डोक्याला खाद्य मिळालं होतं.

बुधवारी दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा बाहेरच्या खोलीत एक तरुण बसलेला होता. निळा ब्लेझर, दाढी गुळगुळीत केलेली, पायांतले बूट दाराबाहेर नीट जोडीने काढून ठेवलेले. दिगंबरच्या बायकोने, रत्नप्रभाने त्याला चहा दिला होता.

‘‘अहो, हे तुमच्याकडेच आलेत. गाडीचं काही काम आहे म्हणे,’’ ती म्हणाली.

तरुण उठला, वाकून नमस्कार केला. ‘‘उस्तादजी, विकी म्हणा मला. दोन वर्षं इंजिनीअरिंग केलं, मग सुटलं. तुम्ही अॅम्बॅसडरला टर्बो बसवताय असं ऐकलं. तेलाचा ड्रेन, परतीची नळी, कुठे काढलीत?’’

दिगंबर खरं म्हणजे तिथेच सावध व्हायला हवा होता. पण प्रश्न नेमका होता, आणि नेमका प्रश्न विचारणारा माणूस त्याला कित्येक महिन्यांत भेटला नव्हता. त्याने टेबलावर बोटाने आकृती काढून दाखवली. पोरगा पुढे झुकून ऐकत होता, मध्येच विचारत होता, की खाली फिरणाऱ्या क्रँकने उडवलेले तेलाचे शिंतोडे परतीच्या तोंडावर येणार नाहीत का. दिगंबरला बरं वाटलं. पुढे कित्येक दिवस त्याला लाज वाटत राहिली ती याचीच, की त्या पाच मिनिटांत त्याला बरं वाटलं होतं.

‘‘आणि समजा,’’ विकी कप खाली ठेवत म्हणाला, ‘‘नळी मध्ये थोडी खाली झोलवली आणि पुन्हा वर चढवली, तर? उभ्या गाडीत काही दिसणार नाही. तीस-पस्तीस किलोमीटर जोरात पळाली की तुंबेल. रोपडच्या वाटेवर, कुराळीच्या आसपास. धूर इतका, की मागच्या जीपला पुढचं काही दिसणार नाही. ड्रायव्हर गाडी बाजूला घेईल. बरोबर?’’

आतल्या खोलीत रत्नप्रभा पोळ्या लाटत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

‘‘तसंच करा, उस्तादजी. येत्या सोमवारसाठी. जज लोकांना फाशी देतो. आमच्या गल्लीतला एक गेला.’’ त्याचा आवाज जराही चढला नव्हता. ‘‘चित्राची बस कॉलेजपासून पावणेतीनला सुटते ना? खिडकीजवळ बसते ती, उजवीकडे. शनिवारी स्कूटरची क्लचवायर बदलायला येईन, तेव्हा काम बघेन. आंटीजी, चहा फार छान होता.’’

त्याने बूट घातले, लेस बांधल्या आणि गेला.

रत्नप्रभा बाहेर येऊन दिगंबरसमोर बसली. तव्यावरची पोळी करपली तेव्हा ती उठली, गॅस बंद करून परत आली.

‘‘तो म्हणतो तसं करून टाका,’’ ती म्हणाली.

‘‘रत्ना...’’

‘‘नको. मला काही समजावू नका. तो जज आपला कोण? त्याला सरकारने बंदूकवाला दिलाय. माझ्या पोरीला कोण देणार?’’

‘‘कुराळीला ती गाडी थांबली, तर ती मी थांबवलेली असेल.’’

ती पदराचा शेव बोटाला गुंडाळत राहिली. चित्रा यायला अजून दीड तास होता, आणि त्या दीड तासात ती तीनदा दारापर्यंत जाऊन आली. शेवटी उभ्याउभ्याच म्हणाली, ‘‘मग आधी आम्हाला इथून बाहेर काढा. त्यानंतर तुम्हाला काय सरळ बसवायचं ते बसवा.’’

चित्राचा मिरजेचा मामा बाळकृष्ण अत्यवस्थ असल्याची थाप मारायचं ठरलं. चित्रा ऐकेना. ‘‘पापा, एप्रिल में एग्ज़ाम है! आप दोनों जाओ, मैं पड़ोस में रह लूँगी।’’ ती मराठी समजायची, बोलायची हिंदीतच. दिगंबरने आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात उगारला. मारला नाही, पण उगारला. ती वळून बॅग भरू लागली.

त्या रात्रीपासून दिगंबरच्या डोक्यात एकच घण पडायला लागला. सांगितलं कोणी? टर्बोची गोष्ट बाजारभर झाली असेल, कबाडीही बोलला असेल. पण सोमवार? येत्याच सोमवारी जज रोपडला जाणार हे ठाऊक असलेली माणसं मोजकी. नरेश. बंदूकवाला. जज साहेबांच्या घरची. आणि उजागर सिंग, कारण गाडी कधीपर्यंत हवी हे नरेशने त्याच्याच समोर सांगितलं होतं.

उजागरवर संशय घ्यायला त्याचं मन धजत नव्हतं, आणि तरी ते घेत होतं. गुरुवारी उजागर फोनवर पंजाबीत हळू आवाजात बोलत होता. दिगंबर जवळ जाताच त्याने फोन ठेवला. एरवी दिगंबरने विचारलं असतं, काय पाजी, नवी सोयरीक की काय? या खेपेला त्याने मान खाली घालून काम चालू ठेवलं. चौऱ्याऐंशीत दिल्लीच्या दंगलीत उजागरचा मेहुणा जाळला गेला होता. तेव्हा तीन दिवस दिगंबर त्याच्या शेजारी बसून होता. आता तीच आठवण उलटी होऊन त्याच्यासमोर उभी राहिली: याच्या मनात काय काय साचलं असेल, आपल्याला काय माहीत?

पोलिसांकडे जावं, असं दोनदा मनात आलं. पण तिथे गेलेली गोष्ट कोणाच्या कानापर्यंत जाईल याची खात्री कोण देणार होतं?

त्याने दोन नळ्या केल्या. एक जाड, सरळ, चांगल्या उताराची. ती जुन्या ट्यूबमध्ये गुंडाळून फळीमागे ठेवली. दुसरी विकीने सांगितली तशी, मध्ये पोट सुटलेली. ती गाडीला लावली.

शनिवारी सकाळी उजागर सहज गाडीखालच्या खड्ड्यात उतरला, वर बघितलं आणि म्हणाला, ‘‘ओए दिगंबर, पाइप का तो पेट निकला है.’’

‘‘कामचलाऊ लावलीय. माप घेण्यासाठी. बदलतो.’’

उजागरने नळीवरून बोट फिरवलं, मग दिगंबरच्या चेहऱ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. ‘‘ठीक है,’’ म्हणून तो वर आला.

बाराच्या सुमाराला स्कूटर आली. विकीने तोच ब्लेझर घातला होता. उजागरने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, कुठलं गाव, वडील काय करतात, अशी चौकशी केली. दोघं पंजाबीत हसत होते. दिगंबर क्लचवायर बदलत होता आणि वायर दोनदा त्याच्या हातून सुटली. काम झाल्यावर विकी सहज म्हणाला, ‘‘जरा बघू का, सरदारजी? शिकायला मिळेल.’’ आणि खड्ड्यात उतरला. त्याने रुमाल काढून नळी पुसली, पोटाच्या जागी दोन बोटं ठेवली.

‘‘फार सफाईचं काम आहे, उस्तादजी,’’ तो खालूनच म्हणाला.

तो गेल्यावर उजागर बोलला, ‘‘कितना तमीज़दार मुंडा है!’’ दिगंबरला वाटलं, हा पोराच्या अदबीचं कौतुक मुद्दाम करतोय. मला जोखतोय.

रविवारी सकाळच्या गाडीने रत्नप्रभा आणि चित्रा दिल्लीला निघाल्या; तिथून पुढे मिरज. फलाटावर रत्नप्रभा एकदाही रडली नाही. गाडी हलताना खिडकीतून एवढंच म्हणाली, ‘‘उद्या सकाळी निघा. उद्याच. कळलं?’’

मोटार बाजार रविवारी बंद. दिगंबरने अर्धं शटर उचललं, आत शिरून ते पुन्हा खाली ओढलं आणि दिवा लावून खड्ड्यात उतरला. पोट सुटलेली नळी काढली, सरळ नळी लावली, पॅकिंग नवं टाकलं. उतार तपासायला वरून तेल ओतलं. ते न अडखळता खाली गेलं. चालू इंजिनाखाली अर्धा तास तो नळीला हात लावून बसला. गरम तेल आपल्या वाटेने जात होतं. या आठवड्यात मनासारखी झालेली ही एकच गोष्ट.

तीनला नरेश आला. कालकाच्या रस्त्याने दोघं जाऊन आले. पिंजोरच्या चढावर गाडी अशी उचलली गेली, की नरेश हसत सुटला. ‘‘साब, ये तो उड़ती है!’’ ते हसू खरं होतं का? दिगंबर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, पण त्याला काही कळलं नाही.

‘‘मला साहेबांकडे ने,’’ तो म्हणाला. ‘‘बंद करण्याआधी इंजिन दोन मिनिटं चालू ठेवावं लागतं. त्यांनाही सांगितलेलं बरं.’’

बंगल्याच्या पोर्चमध्ये जज साहेब शाल पांघरून आले. नरेशला चहा प्यायला आत पाठवलं. बंदूकवाला फाटकाशी होता. इंजिन चालूच होतं, त्याच्या आवाजात दिगंबर बोलला.

‘‘सर, उद्या कुराळीजवळ तुमची गाडी बंद पडेल असं काही लोकांना वाटतंय. ती पडणार नाही. पण थांबू नका. काहीही झालं तरी थांबू नका.’’

म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. कोण, कसं, काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाला, ‘‘मुलगी आहे की मुलगा?’’

‘‘मुलगी.’’

‘‘गेली इथून?’’

‘‘आज सकाळी.’’

‘‘चांगलं केलंत.’’ त्याने शाल सारखी केली. ‘‘नरेशला मी सकाळी निघताना सांगेन, आधी नाही. आणि दुसऱ्या कोणाला सांगू? तुम्हाला जो प्रश्न पडला तोच मला पडतो, सुभेदार साहेब. रोज पडतो.’’

‘‘उद्या न जाता आलं तर...?’’

‘‘उद्या साक्षीदार येणार आहे. एक बाई. बसने येणार आहे ती. मी पोलादात बसून गेलो नाही, तर तिला काय तोंड दाखवू?’’

दोन मिनिटं झाली होती. दिगंबरने चावी फिरवली.

सोमवारी पहाटे त्याने घराला कुलूप लावलं. उजागरच्या घराचा रस्ता बसस्टँडच्या वाटेवरच होता. वळणावर तो थांबला. सांगावं? निदान सावध राहा एवढं तरी? पण उजागर त्यांच्यातला असेल, तर आता सांगणं म्हणजे कुराळीला निरोप धाडणं. आणि नसेल, तर त्याला कशाला गुंतवायचं? दुसरी सबब त्याला सोयीची वाटली, आणि ती धरून तो पुढे चालू लागला.

मिरजेला पोचल्यावर बुधवारी त्याने वर्तमानपत्र वाचलं. आतल्या पानावर चार ओळी होत्या. कुराळीपुढे न्यायाधीशांच्या मोटारीवर दोन्ही बाजूंनी गोळीबार, मोटार न थांबता निघून गेली, मागच्या जीपमधला एक जवान जखमी, न्यायाधीश सुखरूप. रत्नप्रभाने त्या ओळी दोनदा वाचल्या आणि देवापाशी दिवा लावला. जवानाचं नाव दिलेलं नव्हतं.

गुरुवारी तार आली. टायरवाल्या सुरेश कुमारने पाठवलेली. त्याचं दुकान वर्कशॉपला लागूनच होतं. ‘उजागर सिंगला गोळ्या. पीजीआय.’

‘‘जाऊ नका,’’ रत्नप्रभा म्हणाली. ‘‘तुमची वाटच बघत असतील तिथे.’’

‘‘असतील.’’

‘‘मग?’’

त्याने दोन सदरे पिशवीत कोंबले.

चंडीगडच्या पीजीआय इस्पितळाच्या वॉर्डात उजागर सिंग उशीला टेकून बसलेला होता. डावा पाय मांडीपासून प्लॅस्टरमध्ये, पोटाला पट्ट्या, डोक्याला पगडीऐवजी साधा पटका. त्याची बायको बलबीर कौर दिगंबरला बघून उठली आणि बाहेर गेली. दारात उभ्या असलेल्या सुरेश कुमारने त्याला जे घडलं ते आधीच सांगितलं होतं. मंगळवारी दुपारी स्कूटरवरून दोघं आले. एकाने विचारलं, जजच्या गाडीचा पाईप कोणी बदलला? सुरेशला पलीकडे स्पष्ट ऐकू आलं होतं. उजागर म्हणाला, ‘मी. माझं वर्कशॉप आहे, काम मीच तपासतो. पोट सुटलेला पाईप मी गिऱ्हाइकाला देत नाही.’

दिगंबर खाटेजवळच्या स्टुलावर बसला.

‘‘बसायला सांगितलं नाही मी,’’ उजागर म्हणाला.

दिगंबर उठला. उभा राहिला.

‘‘ट्यूबमध्ये गुंडाळलेली नळी मी शुक्रवारीच बघितली होती,’’ उजागर छताकडे बघत बोलत होता. दर वाक्यानंतर त्याला दम लागत होता. ‘‘दोन नळ्या. एक चांगली, एक वाईट. वाईट गाडीला आणि चांगली लपवलेली. वीस वर्षांत तू वाईट वेल्डिंग केलेलं मी बघितलं नाही. म्हटलं, मराठ्याच्या गळ्यावर कुणाचा तरी हात आहे. तो सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. मग तो ब्लेझरवाला आला आणि वायर तुझ्या हातून दोनदा सुटली. तेव्हा कळलं, कुणाचा हात ते.’’

‘‘तू तर त्याच्याशी हसत होतास.’’

‘‘मग काय करू? त्याचं गाव विचारून घेतलं. खोटंच सांगितलं असेल, पण विचारलं.’’ त्याने मान वळवली. ‘‘तू मला का नाही सांगितलंस?’’

इथे खोटं बोलता आलं असतं. तुला गुंतवायचं नव्हतं पाजी, असं म्हटलं असतं तर उजागरने कदाचित मानलंही असतं. दिगंबरने ते तोंडापर्यंत आणलं, आणि त्याला ते बोलवेना.

‘‘मला तुझा संशय आला होता,’’ तो म्हणाला.

पलीकडच्या खाटेवरचा रुग्ण खोकला. उजागरच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ते दिगंबरला जास्त जड गेलं. चेहरा नुसता रिकामा झाला, जसा दिल्लीच्या बातमीनंतर ते तीन दिवस होता.

‘‘पगडीमुळे?’’ त्याने विचारलं.

‘‘माहीत नाही. सोमवारचं तुला ठाऊक होतं. फोनवर हळू बोलत होतास. मग... हो. त्यामुळेही असेल.’’

‘‘फोन मुलीच्या सासरचा होता. तिच्या गर्भारपणाची गोष्ट. ती काय तुझ्यासमोर ओरडून बोलू?’’ उजागरने डोळे मिटले. ‘‘जा आता. मला बोलवत नाही.’’

दिगंबर वॉर्डच्या दारापर्यंत आला. मागून आवाज आला, ‘‘शटर पाच दिवस बंद आहे. गिऱ्हाइकांच्या तीन गाड्या आत आहेत.’’

तो वळला. उजागरने तोंड भिंतीकडे केलं होतं. हे त्याच्यासाठी बोललेलं होतं, की असंच, कळायला मार्ग नव्हता. बाहेर बाकावर बलबीर कौर बसली होती. तिने कमरेच्या किल्ल्या काढून त्याच्या हातात दिल्या.

पीजीआयसमोरच्या एसटीडी बूथवरून त्याने मिरजेला फोन लावला. रत्नप्रभाने विचारलं, ‘‘कसे आहेत भाईसाहेब?’’

‘‘जगेल. पायाचं सांगता येत नाही.’’

‘‘आणि तुम्ही कधी येताय?’’

काचेबाहेर रस्त्यावरून स्कूटरी जात होत्या. प्रत्येक स्कूटरवर दोघं होते असं त्याला वाटलं.

‘‘तीन गाड्या आत अडकल्यात,’’ तो म्हणाला. ‘‘त्या देऊन टाकतो.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग तो चालायला लागेपर्यंत.’’

रत्नप्रभा म्हणाली, ‘‘चित्राची पुस्तकं पार्सलने पाठवा. ती अभ्यासावाचून रडतेय.’’ आणि फोन ठेवला.

मनीमाजऱ्याला पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाजार चालू होता. त्याने शटर वर ढकललं, तशी समोरच्या पानवाल्याने मान वर केली, त्याला ओळखलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. इस्पितळातून आधीच परतलेल्या सुरेश कुमारने टायरवरचा हात काढला नाही. आत फरशीवर कोणीतरी पाणी टाकून गेलं होतं, पण खुर्चीच्या पायांपाशी डाग तसाच होता. दिगंबरने बादलीत पाणी आणि सोडा घेतला, गुडघ्यांवर बसून तो घासला. पूर्ण गेला नाही.

मग त्याने तीन गाड्यांपैकी पहिलीचं बॉनेट उघडलं. दाराकडे पाठ येत होती. त्याने गाडी ढकलून फिरवून घेतली, आपलं तोंड रस्त्याकडे येईल अशी, आणि कामाला लागला. गल्लीच्या टोकाला एक स्कूटर वळली. तिचा आवाज जवळ येत होता.